दिवा लागला नाही तेव्हा

समोरच्या क्वार्टरमधल्या काकी मला कधी फोन करत नसत. २०१३ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी केला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न: "दाई तोर मेर हवय का?" आई तुझ्याकडे आहे का?

मी नागपुरात होतो. आई भिलाईत, एकटीच.

बाबा विदर्भातून स्टील प्लांटमध्ये नोकरीला आले. टाउनशिपमध्ये कुणी केरळचं, कुणी आंध्रचं, कुणी बंगालचं. नातेवाईक सगळ्यांचेच दूर, म्हणून शेजार हेच गणगोत. काकी मात्र तिथल्याच, दुर्गजवळच्या खेड्यातल्या. बाबा गेल्यावरही आईनं क्वार्टर सोडलं नाही. पुढे तिला विसर पडू लागला. फोनवर ती नीट बोलायची, त्यामुळे मला पत्ताच लागला नाही. काकींना लागला होता.

त्या दिवशी आमच्या तुळशीपुढे दिवा नव्हता. दाराला बाहेरून कडी, पण कुलूप नाही. काकींनी गॅस बंद केला, मुलाला स्कूटरवर पॉवर हाउस स्टेशनकडे पिटाळलं आणि स्वतः प्लांटच्या गेटकडे निघाल्या. आई तिथे उभी होती. हातात बाबांचा स्टीलचा डबा, रिकामा. काकींनी तिला काही समजावलं नाही. म्हणाल्या, "साहेब आज ओव्हरटाइमला थांबलेत, घरी चला." आई निमूट चालू लागली.

तेव्हा मी आभार मानले, दिवाळीला साडी नेली, आणि फिटलं असं समजलो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये रायपूरची बातमी आली. भिलाईपासून जेमतेम तीस किलोमीटरवर, एका घराच्या अंगणात खणल्यावर आईवडिलांचे सांगाडे निघाले. मुलानंच २०१० मध्ये त्यांना मारून पुरलं होतं. आई अमेरिकेत आहे, असं तो सांगत राहिला आणि लोक ऐकत राहिले. जवळजवळ सात वर्षं. उलगडा झाला तो बंगालमधल्या बांकुऱ्याच्या एका आईवडिलांमुळे. आपली मुलगी अमेरिकेत आहे, यावरचा त्यांचा विश्वास उडाला, त्यांनी तक्रार केली, आणि पोलीस भोपाळला, ती ज्याच्याकडे राहत होती त्या याच मुलाच्या दारात पोचले. मुलगी तिथेच, सिमेंटच्या ओट्याखाली सापडली. तिच्या खुनासाठी २०२० मध्ये बांकुऱ्याच्या न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली.

पेपर हातात तसाच राहिला. फोनवर मीही लोकांना सांगायचो, आई मजेत आहे. माझंही सगळ्यांनी ऐकलंच असतं. ऐकून न घेता विचारणारं माणूस एकच होतं.

आई तिच्याच घरात, काकींच्या हातून पाणी पिऊन गेली.

आता काकी एकट्या आहेत. मुलगा बंगळुरूला असतो. रोज रात्री आठला मी त्यांना फोन करतो. त्यांनी उचलला नाही, तर त्यांच्या गल्लीत कुणाला विचारायचं, ते तीन नंबर माझ्या फ्रिजवर लिहिलेले आहेत.