माळवदाची माती

गच्चीवरच्या बागेचा नाद हल्ली आपल्यापैकी पुष्कळजणींना लागला आहे. मलाही लागला. सकाळी शाळेतले तीन तास शिकवून आले की दुपार मोकळी असते. मनात आलं, गच्चीवर विटांचे वाफे करावेत, मेथी-कोथिंबीर पेरावी, एखादा दोडक्याचा वेल चढवावा. मातीची ट्रॉलीसुद्धा सांगून ठेवली.

माती आली आणि आमच्या सासूबाई जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. "माती वर न्यायची नाही!"

आत्याबाई तशा कशाला नाही म्हणणाऱ्यांतल्या नव्हेत. माझ्या स्वयंपाकाला, नोकरीला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. म्हणूनच मला जास्त राग आला. दोन दिवस मी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी दुपारी भाजी निवडता निवडता त्या आपणहून बोलल्या.

आमचं सासर औसा तालुक्यात, किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुम्ही ऐकून असालच. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. मामंजी सात वर्षांच्या मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना, घेऊन शेतातल्या आखाड्यावर गेले होते. घरात आत्याबाई, त्यांच्या सासूबाई आणि चार वर्षांची लेक. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हादरली. दुपारी लोकांनी आत्याबाईंना ढिगाऱ्यातून काढलं. त्या दोघी गेल्या.

लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. आमच्या घरचे बैल वाचले, ज्वारी रानात उभी होती, पण ती काढायची कुणी आणि कुणासाठी? तरी मामंजींनी काढली. रब्बीही पेरली. "बैल हंबरायचे, म्हणून उठावं लागायचं," आत्याबाई म्हणाल्या.

इतकी घरं पडली ती का, हे समजून घेण्यासारखं आहे. भिंती जाड, पण आतला नि बाहेरचा असे दगडाचे दोन वेगवेगळे थर. मध्ये माती नि खडी. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच थर सुटे झाले. वर माळवद, म्हणजे लाकडावर अंथरलेली जड माती. ती सगळी झोपलेल्या माणसांवर आली.

"मिरगाच्या आधी दरसाल पांढऱ्या मातीच्या पाट्या मीच वर वाहिल्या," आत्याबाई म्हणाल्या. "गळू नये म्हणून. लेकरावर पडली ती माझ्याच हातची माती."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. थोड्या वेळानं मी म्हटलं, "आत्या, दोष भिंतीचा होता. माती तर सगळंच गाव टाकत होतं."

"ठाऊक आहे ग. भावजयीनं सांगितलं होतं."

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या मानानं २५०, ४५० नि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. कमी पडझड झालेल्या गावांत मात्र जुनीच घरं मजबूत करायची योजना होती. तिथं महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. आत्याबाईंची भावजय त्यांतलीच. आरपार दगड कसा बसवायचा, माळवदावरचा भार कसा कमी करायचा, हे ती घरोघर सांगत फिरली.

"डोक्याला कळतं," आत्याबाई म्हणाल्या, "पण पाटी उचलली की हाताला कळत नाही."

संध्याकाळी मी फावडं घेतलं आणि माती अंगणातच पसरली. आत्याबाईंनी स्वतः वाफे ओढून दिले. जमिनीवरच्या मातीला त्यांची हरकत नव्हती. अहो, शेतकऱ्याघरची बाई!

तुमच्या गावाकडे जुनं माळवद असेल, तर गळतीसाठी मातीवर माती चढवू नका. जाणत्या माणसाकडून भिंत तपासून घ्या. गच्चीवर बाग करायची तर स्लॅब किती भार पेलेल ते आधी विचारा. आणि घरातलं एखादं मोठं माणूस कधी नव्हे ते "नाही" म्हणालं, तर माझ्यासारखं दोन दिवस तोंड फिरवून बसू नका. जवळ बसून भाजी निवडायला घ्या.