वेलांटी आता नंतर

14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 ला अपडेट मिळणार नाहीत, ही सूचना माझ्या कॉम्प्युटरवर कितीतरी आधीपासून झळकत होती. दारव्ह्यात तहसीलजवळ माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. वारसनोंदीचे अर्ज, शपथपत्रं, मधूनच एखादी लग्नपत्रिका. कॉम्प्युटर सहाव्या पिढीच्या आय-थ्रीचा. विंडोज 11 ला इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 लागतं, म्हणजे धडधाकट यंत्र बाजूला टाकून नवं घ्यायचं. वर्षभराची वाढीव मुदत मिळत होती, पण पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा तेच. पुण्यातला भाचा म्हणाला, “मावशी, लिनक्स टाक. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघ. नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढून घे, तुझं काहीच हलत नाही.”

त्याने लिनक्स मिंट पाठवलं. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतला. त्यावर पुढे लोकांनी आपापल्या प्रणाल्या उभ्या केल्या, मिंट त्यातलीच एक. पैसे पडत नाहीत. कापूस वेचणीला जोर आला की आमच्याकडे माणसं शेतात असतात, दुकानात शुकशुकाट. मिंट बसवायला मी तीच वेळ धरली.

रोजच्या वापराचं शिकणं फार नव्हतं. मेनू खाली डाव्या कोपऱ्यातच, कॉपी-पेस्टच्या कळा त्याच. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह मात्र गायब. आपलं सगळं ‘होम’ नावाच्या एका फोल्डरात, आणि फाइलच्या नावात इंग्रजी अक्षर मोठं की लहान याने फरक पडतो. नवा प्रोग्राम हवा तर इंटरनेटवर शोधत हिंडायचं नाही, सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून तिथूनच घ्यायचा, आणि दर वेळी पासवर्ड द्यायचा. याचा मला आधी वैताग आला. पण दिवसभर गिऱ्हाइकांचे नाना तऱ्हेचे पेनड्राइव्ह लावणाऱ्या दुकानात हा पहारा बराच म्हणायचा. विंडोजसाठीचे व्हायरस इथे सहसा चालत नाहीत, हा वरचा फायदा. भाषा मराठी निवडली तेव्हा बरेच शब्द मराठी झाले, काही इंग्रजीच राहिले. मला त्याने अडलं नाही.

अडलं ते बोटांमुळे. मी शिकले टाइपरायटरवर, रेमिंग्टन पद्धतीने. पुढे कॉम्प्युटर आला तरी कृतिदेव फाँटवर जवळपास तीच कळपट्टी चालत होती, म्हणून हात कधी बदलावा लागला नाही. त्या पद्धतीत अक्षर दिसतं तसं उमटवायचं. ‘कि’ हवी तर आधी वेलांटी, मग क. ‘सर्व’ लिहायचं तर स, व आणि शेवटी डोक्यावर रफार. इथे मराठी युनिकोडमध्ये लिहायचं, आणि त्यात क्रम उच्चाराचा. क आधी, वेलांटी नंतर. ‘सर्व’ म्हणजे स, र, हलन्त, व. वर्षानुवर्षं डोळ्यांच्या हुकमावर चाललेली बोटं एकदम कानाचं ऐकायला तयार होईनात.

त्यासाठी मी शिकायला घेतलेल्या इन्स्क्रिप्ट कळपट्टीची मांडणी मात्र विचाराने केलेली आहे, हे कबूल करावं लागतं. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क च्या कळीवर शिफ्ट दाबला की ख, ग वर दाबला की घ. ‘यवतमाळ’ मधला य उजव्या करंगळीला, काना डाव्या मधल्या बोटाला, आणि ळ साठी ल च्याच कळीवर शिफ्ट. माझ्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘शेतकऱ्यांना’. तो साध्या र ने लिहिला की ‘शेतकर्यांना’ असा रफार उमटतो. र वर शिफ्ट, मग हलन्त, मग य, असं केलं तरच नीट येतो. भाच्याने सांगितलं, लिनक्सवर रेमिंग्टनची जुळणीही मिळते. मी ती लावली नाही. दोन पद्धती एकदम हातात ठेवल्या की दोन्ही बिघडतात, हे टायपिंग क्लासमध्ये मी पोरींना सांगत आले आहे.

जुन्या फाइल उघडल्या आणि वेगळंच समोर आलं. ‘मराठी’ लिहिलेल्या जागी ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं. कृतिदेवमध्ये आपण मराठी लिहीतच नव्हतो. लिहीत होतो इंग्रजी अक्षरं, फाँट त्यांना मराठीचा मुखवटा चढवत होता. फाँटची फाइल नव्या प्रणालीत टाकली तेव्हा मजकूर पूर्वीसारखा दिसला. पण कामाचे नमुने मी एकेक करून युनिकोडमध्ये बदलून घेतले. आता लिब्रेऑफिसमध्ये गावाचं नाव टाकून शोधलं की अर्ज सापडतो, आणि तोच मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला तरी समोरच्याला मराठीच दिसतो. पत्रिकांसाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बालू हे फाँट मोफत मिळाले.

सगळंच साधलं असं नाही. प्रिंटर लगेच चालला. अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राला लागणारं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळालं नाही, म्हणून त्या कामाची माणसं आता शेजारच्या केंद्रात पाठवते. उत्पन्न थोडं घटलं, नव्या यंत्राचा खर्च वाचला. मला हा व्यवहार परवडला.

ज्याचं काम लिहिणं, छापणं आणि ब्राउझर एवढ्यावर भागतं, त्याने जुन्या यंत्रावर हे खुशाल करावं. ज्याला डिजिटल सही, अंगठा किंवा टॅली लागते, त्याने आपली सगळी उपकरणं आधी पेनड्राइव्हवरून चालवून तपासावीत. आणि लिनक्स बसवताना ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडण्याआधी जुन्या फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, फाँटच्या फाइलींसकट.