ठेंगणी-ठुसकी आणि डबल एक्सएल

माझ्यासारख्या अंगलटीसाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: ठेंगणी-ठुसकी. आमची आजी तो लाडानं वापरते, शेजारच्या काकू सुस्कारा सोडून वापरतात. उंची चार फूट अकरा इंच, छाती ४४, कंबर ३९, सीट ४६. हे आकडे मासिकात छापून आणू नकोस म्हणून रूममेटनं खूप सांगून पाहिलं. मी म्हटलं, सी.जी.पी.ए. छापण्यापेक्षा हे बरं!

तर आजचा विषय आहे, आमच्यासारख्यांनी ऑनलाइन कपडे कसे घ्यावेत. विषय हलका वाटेल. पण सकाळी आठच्या लेक्चरला काय घालायचं, या प्रश्नानं ज्यांना एम-३ पेक्षा जास्त रडवलंय त्यांना तो हलका वाटणार नाही.

आधी हे सांगते की आम्ही ऑनलाइनकडे वळतो का. आपलं कॉलेज गावाबाहेर. बाजारात जायचं म्हणजे बस, धूळ आणि अर्धा रविवार. एवढं करून दुकानात पाऊल टाकलं की काउंटरवरचा दादा आपल्याला वरपासून खालपर्यंत बघतो आणि कपाट न उघडताच सांगतो, "ताई, तुमच्या साइझमध्ये नाही येणार." एकानं तर "जेंट्सच्या शर्टात दाखवू का?" असं अगदी मदत केल्याच्या सुरात विचारलं होतं. मोबाइलचा स्क्रीन निदान असा बघत नाही. तिथे आपण फक्त आकडा असतो, आणि इंजिनिअरिंगच्या पोरीला आकड्याची कसली भीती?

पण खरी गंमत पुढेच आहे. चार्ट उघडला, छाती ४४ समोर डबल एक्सएल लिहिलेलं होतं, तेच मागवलं. पार्सल आलं. छातीत कुर्ता अगदी बरोबर बसला. मात्र खांदे दंडावर उतरले, थ्री-फोर्थ बाही मनगटावर आली, मुंढा इतका खाली की हात वर केला तर अख्खा कुर्ता वर यायचा. आणि कमरेची शिवण चक्क सीटवर! लांबीचं तर विचारूच नका. फोटोतल्या मॉडेलच्या पोटरीवर थांबणारा कुर्ता माझ्या घोट्याशी पोचला होता. हिशेब करून बघा. पाच फूट आठ इंच उंचीच्या मॉडेलचं खांद्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर साधारण ५६ इंच, माझं ४८. कुर्ता दोघींनाही ४६ इंचांचा. तिच्याखाली दहा इंच उरतात, माझ्याखाली दोन. वॉचमनकाका म्हणाले, "आज काय, गॅदरिंगची प्रॅक्टिस का?"

असं का होतं? कारखान्यात प्रत्येक साइझसाठी नवं ड्रॉइंग काढत नाहीत. एका मधल्या साइझचा पॅटर्न पक्का करतात आणि त्यावरून लहान-मोठे साइझ ठरावीक वाढीनं काढतात. याला ग्रेडिंग म्हणतात. छाती दोन इंच वाढली की गळा, खांदा, मुंढा, बाहीची रुंदी, कधी लांबीसुद्धा थोडी थोडी वाढते. म्हणजे चार्टच्या मते जाड होणारी बाई त्याच वेळी रुंद खांद्यांची होते आणि तिची उंची तर आधीपासूनच भरपूर असते. माझ्या खांद्याची हाडं मात्र साडेचौदा इंचांवर केव्हाच थांबली आहेत. माणूस गोलाईनं वाढतो, हाडानं नाही. फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या सरांनी सांगितलं होतं की एक्स आणि वाय दोन्हीकडे एकच स्केल लावलं की आकृतीचा आकार तोच राहतो. अहो सर, इथे तोच तर घोटाळा आहे, आमचा आकारच वेगळा आहे!

बरं, हे तयार मापांचं शास्त्र काही वेदांइतकं जुनं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी त्यांचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशेबातून वगळलेली होती. त्याच आकड्यांच्या आधारे १९५८ मध्ये तिथे साइझचं सरकारी प्रमाण ठरलं आणि १९८३ मध्ये ते रद्दही झालं. त्यानंतर प्रत्येक ब्रँडचा साइझ आपला आपला. एकाच मुलीला एका ठिकाणी एक्सएल आणि दुसऱ्या ठिकाणी थ्री एक्सएल लागतो तो यामुळे. बाई तीच असते, पट्टी बदललेली असते.

'पेटिट' हा शब्दही नीट समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे पेटिट म्हणजे नाजूक, सडपातळ असं समजतात. कपड्यांच्या धंद्यात त्याचा संबंध फक्त उंचीशी आहे. साधारणपणे पाच फूट चार इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या बाईसाठी कापलेला कपडा म्हणजे पेटिट. न्यूयॉर्कच्या हॅना ट्रॉय या डिझायनरनं १९४० च्या दशकात हे साइझ लोकप्रिय केले. म्हणजे बाई जाडही असू शकते आणि पेटिटही. तिकडे 'पेटिट प्लस' म्हणून अशा कपड्यांचा वेगळा विभाग असतो. आता आपला देश घ्या. भारतातल्या प्रौढ स्त्रीची सरासरी उंची आहे साधारण १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट. त्या व्याख्येनं आपल्या वर्गातल्या बहुतेक मुली, मेसच्या मावशी आणि रेक्टर मॅडम सगळ्याच पेटिट! मग अपवाद कोण, आम्ही की ती मॉडेल? आपल्या मापांचा आपला चार्ट असावा म्हणून निफ्टनं वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या मदतीनं 'इंडियासाइझ' नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं. १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची, असं त्याचं उद्दिष्ट. कुणाला तरी हे सुचलं, याचाच मला आनंद झाला.

इथे जरा गंभीर होते. आमच्या मजल्यावरच्या एका मैत्रिणीनं गॅदरिंगसाठी कमरेला शिवण असलेला गाऊन मागवला. उंची माझ्याइतकीच, अंगानं भरलेली. गाऊन सीटवर अडकून घड्या पडायला लागल्या. तो परत करण्याऐवजी तिनं स्वतःलाच दुरुस्त करायला घेतलं. तीन आठवडे रात्रीचं जेवण बंद. मेसच्या मावशी रोज विचारायच्या, "काय गं बाई, रुसलीस का आमच्या भाजीवर?" शेवटी वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना तिला चक्कर आली. वजन चार किलो उतरलं होतं. गाऊन पुन्हा घालून पाहिला, तर कमरेची शिवण तिथेच, दोन इंच खाली! कशी वर येणार? तो फरक होता मानेपासून कमरेपर्यंतच्या लांबीचा. उंचीचं गणित वजनानं सुटत नाही. पण ट्रायल घेताना आरशात दिसतो फक्त आपला देह, तो चार्ट काही दिसत नाही. म्हणून दोष नेहमी देहावर येतो.

मेकॅनिकलवाल्यांना ही गोष्ट एका वाक्यात सांगता येईल. लिमिट्स, फिट्स आणि टॉलरन्समध्ये आपण दोन पद्धती शिकतो. होल बेसिस आणि शाफ्ट बेसिस. शाफ्ट बेसिसमध्ये शाफ्टचं माप कायम ठेवायचं आणि होल त्याप्रमाणे बदलायचं. बाई म्हणजे शाफ्ट, कुर्ता म्हणजे होल. परीक्षेत कुणी होलसाठी शाफ्ट उपाशी ठेवला तर सर मार्क देतील का?

आता कामाचं. मी आणि रूममेटनं मिळून जी पद्धत बसवली ती अशी:

१. पन्नास रुपयांचा शिंप्याचा टेप घ्या आणि स्वतःची मापं एकदा मैत्रिणीकडून घ्या. छाती, कंबर, सीट तर हवीतच, पण आपल्यासाठी खरी मापं वेगळी आहेत: खांद्यापासून खांद्यापर्यंत, दंडाचा घेर, मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत, आणि पँटसाठी आतल्या बाजूची लांबी.

२. आपल्याला नीट बसणारा एक जुना कुर्ता पलंगावर सपाट पसरून मोजा. छातीत आलेल्या मापाची दुप्पट करा. नव्या कुर्त्याची मापं याच्याशी ताडून बघायची.

३. चार्टमधले आकडे शरीराचे आहेत की कपड्याचे, ते वाचा. न ताणणाऱ्या कापडाचा कपडा शरीरापेक्षा दोन ते चार इंच मोठा हवा, म्हणजे क्लिअरन्स फिट. लायक्रा असलेलं कापड शरीराइतकं किंवा थोडं कमी मापाचं असलं तरी चालतं, कारण ते ताणतं.

४. मॉडेलची उंची बहुतेक ठिकाणी खाली बारीक अक्षरात दिलेली असते. ती बघितल्याशिवाय लांबी ठरवू नका. मला गुडघ्याच्या किंचित खाली येणारा कुर्ता हवा तर ३६ इंच पुरतात. फोटोत 'शॉर्ट' दिसणारा कुर्ता आमचा रेग्युलर असतो.

५. खांदा महत्त्वाचा. छाती थोडी सैल असेल तर बाजूनं आत घेता येते, पण खांदा उतरला की मुंढा आणि बाही दोन्ही उसवावी लागतात. शिलाई कपड्याच्या किमतीवर जाते.

६. सुती आणि रेयॉन पहिल्या धुण्यात आटू शकतात. हॉस्टेलच्या बादलीत भिजवायच्या आधी घालून बघा आणि पसंत पडेपर्यंत टॅग काढू नका.

आणि शोभण्याचं काय? व्ही गळ्यानं मान लांब वाटते. खांद्यापासून खाली येणाऱ्या उभ्या शिवणी, म्हणजे प्रिन्सेस कट, अंगाच्या गोलाईप्रमाणे वळतात, त्यामुळे कापड छातीवरून तंबूसारखं खाली लोंबत नाही. शिवण कमरेवर असण्यापेक्षा छातीच्या खाली असली तर ती चुकीच्या मजल्यावर उतरण्याची भीती नाही. कुर्ता आणि सलवार एकाच रंगाच्या जवळपास असले की नजर मध्ये अडत नाही. मऊ पडणारं रेयॉन बरं, कडक स्टार्चचा कुर्ता चहूबाजूंनी उभा राहतो. पण हे नियम बारीक दिसण्यासाठी नाहीत हं. मी बारीक नाही आणि कपड्यांनी तसं खोटं बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही. कपडा अंगावर नीट बसला की माणूस ताठ चालतो, दर दोन मिनिटांनी कुर्ता खाली ओढत नाही. शोभणं म्हणतात ते हेच. आडव्या पट्ट्या आवडतात ना? खुशाल घाला. मापात असल्या म्हणजे झालं.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली कॅम्पसच्या वेळी. फॉर्मल पँट हवी होती. कंबर ३९ ची बघितली की पायाची लांबी ३१ इंच, माझी २६. पाच इंच कापले की खाली निमुळती होत जाणारी पँट मध्येच संपते आणि गुडघ्याचा आकार नडगीवर येतो. म्हणून सरळ पायाची निवडली, कारण ती कुठूनही कापा, सरळच राहते. ती घेऊन गेटसमोरच्या टेलरकाकांकडे गेले. त्यांनी टेप लावला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "ताई, खालून तर कापूच, पण आसन पण लांब आहे. तुमच्या उंचीला दीड इंच वरून पण काढावा लागेल." जे मला चार रात्री चार्ट वाचून कळलं होतं ते काकांना एका नजरेत दिसलं. शिलाई झाली दीडशे रुपये. इंटरव्ह्यूला मी पँटचा एकदाही विचार केला नाही, आणि पॅनलनं विचारलं तेही थर्मोडायनॅमिक्सच!

आता आमच्या खोलीत दाराच्या मागे खिळ्याला तो पिवळा टेप लटकलेला असतो. पार्सल मागवण्याआधी मुली येतात, हात पसरून उभ्या राहतात, आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून नेतात. सुरुवातीला आकडा ऐकून कुणीतरी "ईऽऽ, एवढी?" म्हणायची. आता कुणी म्हणत नाही. व्हर्नियरवर रीडिंग आलं की आपण त्याची लाज वाटून घेतो का? नोंद करतो आणि पुढे जातो.

तुम्हाला हवा असेल तर टेप खुशाल घेऊन जा. फक्त सबमिशनच्या फाइलींसारखा गायब करू नका, वापरून झाला की परत त्याच खिळ्याला लावा.