जशीच्या तशी फाइल

मागणी येताच सर्व्हरवर तयार होणारी चित्रे, आलेख वा पीडीएफ पावत्या आधी मेमरीत घडतात, आणि त्या डिस्कवर उतरवण्याचे काम एका ओळीचे दिसत असले तरी पुष्कळसे बिघाड त्याच ओळीत दडलेले असतात. अशी फाइल मजकुराची नसून बायनरी असते. तिच्यातील प्रत्येक बाइट ही ० ते २५५ यांमधली एक संख्या असून तिची जागा ठरलेली असते, त्यामुळे एकही बाइट वाढलेला, गळलेला किंवा बदललेला चालत नाही.

१९९६ साली जाहीर झालेल्या पीएनजी या चित्रप्रकाराच्या रचनाकारांनी हा धोका ओळखून फाइलच्या तोंडाशीच आठ बाइटांचा पहारा बसवला आहे, आणि या कामात पडणाऱ्याने तो एकदा तरी नीट न्याहाळावा : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिली संख्या मुद्दाम १२७ हून मोठी ठेवली आहे, कारण केवळ सात बिटे नेणाऱ्या वाटेने फाइल गेली तर १३७ चे ९ होतात आणि चोरी तत्काळ पकडली जाते; पुढची तीन पी, एन, जी ही अक्षरे; १३ व १० ही जोडी म्हणजे विंडोजमधील ओळ संपल्याची खूण, २६ ही जुन्या डॉसमधील फाइल संपल्याची खूण, तर अखेरचा एकटा १० ही युनिक्समधील ओळ संपल्याची. सी भाषेत विंडोजवर फाइल 'डब्ल्यूबी'ऐवजी नुसत्या 'डब्ल्यू'ने, म्हणजे मजकूर म्हणून उघडली, की प्रत्येक १० च्या आधी एक १३ घुसतो आणि या आठांचे दहा बाइट होतात. लिनक्सवर मात्र दोन्हींत काहीच फरक पडत नसल्याने तिथे निर्धोक चाललेला प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर गेल्यावरच उघडा पडतो.

याहून घातक चूक म्हणजे बाइटांना यूटीएफ-८ मजकूर समजून वाचणे. तसे वाचताना १३७ सारख्या अर्थ न लागणाऱ्या बाइटाच्या जागी सहसा २३९, १९१, १८९ हे त्रिकूट बसते, आणि अनेक वेगवेगळ्या बाइटांचे एकच त्रिकूट झाल्यावर मूळ चित्र कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

बाइट शाबूत राहिले तरी वेळेचा प्रश्न उरतोच, कारण फाइल लिहिली जात असतानाच दुसऱ्या कोणी ती मागितली तर त्याच्या हाती अर्धवट चित्र पडते. म्हणून जाणता कारागीर आधी त्याच फाइलप्रणालीत तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल लिहितो आणि मगच तिचे नाव बदलतो. पॉझिक्स नियमांनुसार हा नावबदल अखंड असल्याने वाचणाऱ्याला एक तर जुनी पूर्ण फाइल दिसते, नाही तर नवी पूर्ण. लिहिण्याची परवानगी नाकारली गेली की फोल्डरचे परवानगी-अंक ७७७ करून ते सर्वांना मोकळे सोडण्याची सवय मात्र सर्वस्वी अयोग्य आहे. फोल्डरची मालकी वेब सर्व्हर ज्या खात्याने चालतो त्या खात्याकडे दिली की ७५५ पुरते.