दमडीची मशीद आणि हत्तीची कबर : नगरचे दोन दिवस

आपल्या घरांतून प्रवास होत नाही असे नाही. ६ डिसेंबरला दादर, दसऱ्याला नागपूर, १ जानेवारीला कोरेगाव, आणि अधेमधे लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन. गाडीला लोंबकळत का होईना, आपण जातो. पण नुसते एखादे गाव पाहायचे, पोराबाळांना फिरवायचे आणि परत यायचे, असा प्रवास किती घरांतून होतो? "ते पैसेवाल्यांचे काम" म्हणून आपण विषय मिटवून टाकतो.

या वेळी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तो विषय मिटू दिला नाही. आम्ही दोघे नवरा-बायको, चौदा वर्षांची थोरली, नऊ वर्षांचा धाकटा आणि आई, अशी पाच माणसे पिंपरीहून दोन दिवस नगरला जाऊन आलो. शेजारच्या काकूंनी विचारले, "नगरला कोण आहे तुमचं?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांना ते खरेच वाटेना.

सरकारी कागदावर २०२४ सालापासून या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे. अहिल्याबाई होळकरांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. पण बोलताना सगळे अजून नगरच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच लिहितो.

आधी पैशाचे सांगतो, कारण आपल्या वाचकांचा पहिला प्रश्न तोच असणार. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना अर्धे आहेच. म्हणजे आमच्या पाच माणसांत पूर्ण तिकीट एकट्याचे! पंच्याहत्तरी ओलांडलेले कोणी घरात असेल तर त्यांना तिकीटच नाही. पहिल्या दिवसाची शिदोरी घरची होती, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि सुके बोंबील. राहायला माळीवाडा स्टँडजवळ एका साध्या लॉजची एकच खोली घेतली आणि एक गादी जादा मागून घेतली.

पुणे-नगर अंतर सुमारे १२० किलोमीटर. वाटेत पेरणे फाट्याला भीमेच्या काठी विजयस्तंभ रस्त्यावरूनच दिसतो. आईने सवयीने हात जोडले. १ जानेवारीच्या गर्दीत धाकट्याला आजवर माणसांच्या पाठीच दिसल्या होत्या. या वेळी खिडकीतून पुरता स्तंभ दिसला, तेव्हा तो म्हणाला, "एवढा मोठा आहे होय!" स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या २२ महार शिपायांची नावे आहेत आणि महार रेजिमेंटच्या बोधचिन्हावर पूर्वी हाच स्तंभ होता, हे थोरलीने त्याला सांगितले. शिरूर येईपर्यंत त्याचे प्रश्न चालू होते.

नगर हे मोठे अजब गाव आहे. मलिक अहमद निजामशहाने १४९० साली ते सीना नदीच्या काठी वसवले. या अहमदचा बाप मूळचा पाथरीकडच्या ब्राह्मण घराण्यातला, पुढे मुसलमान होऊन बहमनी राज्याचा वजीर झालेला. याच निजामशाहीत हबसाणातून गुलाम म्हणून विकत आणलेला मलिक अंबर पुढे राज्याचा सूत्रधार झाला आणि त्याने मोगलांना वर्षानुवर्षे दमवले. बाजारात विकलेला माणूस राज्य चालवतो, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात. आम्ही मुलांना ती एस.टी.त सावकाश सांगितली.

पहिला मुक्काम रणगाड्यांचे संग्रहालय. हे लष्कराचे आहे, छावणीच्या हद्दीत, १९९४ साली उघडलेले. झाडांच्या सावलीत पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या ओळीने उभ्या आहेत. इंग्रजांचे चर्चिल आणि मटिल्डा, जपान्यांचे बुटके रणगाडे, आपल्याकडे आवडीला तयार झालेला विजयंता. एक रोल्स-रॉईस चिलखती गाडीही आहे. राजेरजवाड्यांची मोटार करणारी कंपनी युद्धाच्या गाड्याही करीत असे, हे आम्हाला तिथे कळले. धाकटा प्रत्येक तोफेखाली उभा राहून आला.

आम्ही जास्त वेळ थांबलो ते पॅटन रणगाड्यापाशी. अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले हे ४५ टनांच्या आसपासचे धूड १९६५ च्या युद्धात अजिंक्य समजले जाई. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे आपल्या सैन्याने त्यांचा खच पाडला. तिथे जीपवरच्या तोफेने पॅटन फोडत फोडत शहीद झालेले हवालदार अब्दुल हमीद हे गाझीपूर जिल्ह्यातल्या एका शिंप्याचे चिरंजीव. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आई त्या लोखंडाकडे बघत एवढेच म्हणाली, "ह्याच्यात बसलेली पोरंबी कुणाची तरी असतीलच की."

तिथून भुईकोट किल्ला. डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर, गोल, भोवती खंदक. घेर मैलभराहून थोडा जास्त. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकात त्याचा दगडी तट बांधला. त्याची मुलगी चाँदबिबी. १५९५ साली मोगलांनी वेढा घातला आणि सुरुंगाने तट उडवला, तेव्हा ती स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तट बुजवून घेतला. पुढे १६०० साली तिच्याच माणसांनी तिला मारले आणि मग किल्ला पडला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी नेहरू, पटेल, मौलाना आझाद आदी काँग्रेसचे पुढारी इथेच डांबले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ साली इथेच लिहिले. त्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. तिथे उभे असताना आमच्या घरमालकांना, म्हणजे कारखान्यात पंचवीस वर्षे मशीनवर काढलेल्या माणसाला, एक जुनी गोष्ट आठवली. पुढारी इथे बंदिस्त होते त्याच वर्षांत बाबासाहेब दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी रजा देणारे विधेयक त्यांनी मांडले आणि १९४५ साली तो कायदा झाला. आठवड्याचे ४८ तास झाले ते १९४६ च्या दुरुस्तीने. "म्हणजे पप्पांची ही सुट्टी बाबासाहेबांनी दिली?" असे थोरलीने विचारले. हिशेब केला तर तसेच म्हणावे लागते. आजही कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या कितीतरी पोरांना ती रजा मिळत नाही, हेही तिला तिथेच सांगितले.

किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे. सगळ्या नगरात आम्हाला सर्वांत आवडली ती हीच. लहानशी, १५६७ च्या सुमाराची, साहिरखान नावाच्या सरदाराने उभारलेली. असे सांगतात की किल्ल्याच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्या पैशातून ही बांधली गेली. दमडी म्हणजे पैशाहूनही बारीक नाणे. पण काम बघाल तर तोंडात बोट घालाल. चिऱ्यावर कोरलेली फुले, वेली, अक्षरे! किल्ल्याचा तट भक्कम आहे, पण असे नाजूक काम तिथे आम्हाला कुठे दिसले नाही.

आई बाहाेरच थांबेल असे वाटले होते, पण ती भिंतीजवळ गेली आणि तिने हात लावला. १९७२ च्या दुष्काळात पाटोद्याकडे ती पंधरा-सोळा वर्षांची पोर खडी फोडायला जात असे. सुकडी खायची, संध्याकाळी हजेरी लागायची. ती म्हणाली, "घाव एक चुकला ना, की अख्खा चिरा वाया. ह्यांनी किती चिरे वाया घालवले असतील, अन् किती जणांनी बोलणी खाल्ली असतील." मग थोड्या वेळाने, "हजेरीतनं दमडी काढून द्यायची म्हंजी त्या दिवशी घरात काय शिजलं आसंल?" मुले तिच्या दोन बाजूंना बसली. त्या दुष्काळाचे तिने आम्हालाही कधी एवढे सांगितले नव्हते. रस्त्यावर टाकलेल्या खडीचे ढीग, मुकादम, डोळ्यात उडालेली कपची, सगळे निघाले. नाव तेवढे खानाचे राहिले, कोरणाऱ्यांपैकी एकाचेही नाही, हे थोरलीच्या ध्यानात आले ते कोणी न सांगता. अर्धा तास आम्ही तिथे होतो. दुसरे कोणी आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागरोजा. शहराच्या पश्चिमेला, सीनेकाठी, काळ्या दगडाची अहमद निजामशहाची कबर. पण पोरांना ओढ होती ती शेजारच्या हत्तीच्या कबरीची! गुलाम अली त्याचे नाव. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला यानेच पकडले असे सांगतात. हत्तीला नाव आणि कबर मिळाली, त्याच्या माहुताचे नाव मात्र कुठे नाही.

नगरला गेलात तर मिस सिंथिया फॅरार यांची आठवण केल्याशिवाय येऊ नका. अमेरिकन मिशनच्या या बाई १८२७ साली मुंबईला आणि १८३९ साली नगरला आल्या. मुलींच्या शाळा चालवत त्या १८६२ साली इथेच वारल्या. जोतीराव फुले नगरला आले असता त्यांनी या शाळा पाहिल्या आणि मग १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फॅरारबाईंच्या हाताखाली शिक्षणाचे धडे घेतल्याचे चरित्रांत येते. याच मिशनच्या परंपरेतली क्लॅरा ब्रूस मुलींची शाळा आजही आहे. रविवार असल्याने फाटक बंद होते. थोरली फाटकाला धरून आत बघत राहिली, आम्हीही घाई केली नाही.

दुपारी चाँदबिबी महाल. पाथर्डी रस्त्याला शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. नाव चाँदबिबीचे, पण आत कबर आहे सलाबतखान नावाच्या निजामशाही मंत्र्याची! लोकांनी मात्र ठरवून टाकले की ही वास्तू चाँदबिबीची. आम्हाला लोकांचा निकाल पसंत पडला. आई वर आली नाही, खाली भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या बाईशी बोलत बसली. आम्ही उतरलो तोवर तिने तिची लेक कुठे दिली इथपर्यंत चौकशी पुरी केली होती आणि शेंगा पावशेर जास्त घेतल्या होत्या.

परतीच्या गाडीत आईने सांगितले की पुढच्या सुट्टीत श्रीरामपूरकडच्या हरेगावला जायचे. १९३९ साली महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांची परिषद तिथे झाली, तिचे वडील त्याच्या गोष्टी सांगत.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. सर्वांत जास्त पैसा रिक्षाला जातो, म्हणून दिवसाचा भाव आधी ठरवा. चाँदबिबी महालाला पाथर्डीच्या एस.टी.ने पायथ्याशी उतरून चालत गेलात तर तोही वाचेल, मात्र पाणी सोबत घ्या. उन्हाळ्यात जाऊ नका. आणि किल्ला व रणगाडे लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे मोठ्या माणसांनी प्रत्येकी आपले ओळखपत्र जवळ ठेवावे.