साज आणि चाल

आमच्या कळंबात ‘गाडी घेणे’ आणि ‘गाडी बनवणे’ या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिली शोरूममध्ये एका दिवसात उरकते. दुसरी मिस्त्रीच्या दुकानासमोर महिनोन् महिने चालते. कापसाचा चुकारा हाती आला की घरातला तरुण मुलगा वडिलांच्या मागे लागतो, बुलेट येते, आणि पुढच्या आठवड्यापासून ती बनू लागते. हँडल बदलते, सायलेन्सर बदलतो, लेगगार्ड येतो. आणि हौस अगदी शिगेला पोचली की चाके बदलतात. वर्गातल्या शेवटच्या बाकांवर ‘रसनिष्पत्ती’पेक्षा ‘एकवीस इंची’ची चर्चा अधिक मन लावून होते, हे आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे.

या हौसेला उथळ म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. १९५५ साली मद्रासेत बुलेट बनू लागली आणि तेव्हापासून तिच्या लाखो आवृत्त्या निघाल्या. त्यांतली एक आपली आहे हे सिद्ध करावेसे वाटणे माणसाच्या स्वभावातच आहे. पोळ्याला आमच्या भागातला शेतकरी बैलाची शिंगे रंगवतो, बेगड लावतो, पाठीवर झूल घालतो. बाजारात शेकडो बैल असले तरी हा आमचा, असे सांगण्याची ती रीत आहे. मात्र त्या साजाने बैलाची चाल बदलत नाही. संध्याकाळी झूल उतरते आणि दुसऱ्या दिवशी बैल त्याच पावलांनी वावरात जातो. आमच्या मते गाडी बनवण्याचा सारा प्रश्न या एका भेदापाशी येऊन थांबतो. साज कुठे संपतो आणि चाल कुठे सुरू होते?

चाक हा साज नव्हे. मोठ्या चाकाचे गुण आमच्या आजोबांना पुस्तकाशिवाय कळत होते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून बंडी काढायची तर चाक उंच हवे. लहान चाक खड्ड्यात पडते, मोठे खड्ड्यावरून जाते. मोटरसायकलचेही तेच आहे. २०१६ साली आलेल्या ‘हिमालयन’ला पुढे २१ इंची चाक आहे ते याच कारणाने. पण त्या गाडीचा सांगाडा, पुढचा फोर्क आणि ब्रेक हे सगळे त्या चाकाला धरून योजलेले आहे. बंडीचा सुतारही चाक वाढवताना कण्याची उंची आणि जूवरचा भार आधी पाहत असे.

आता पुढे १९ इंची चाक असलेली पूर्वीची ‘क्लासिक’ घ्या. ९०/९०-१९ चा टायर काढून तिथे ९०/९०-२१ बसवला, तर चाकाचा व्यास सुमारे ६४५ मिलिमीटरवरून ६९५ होतो. वाढ पाच सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आठ टक्के. या गाडीचा वेगमापक पुढच्या चाकावरून चालतो, आणि त्याला चाक बदलल्याची वार्ता नसते. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ च्या घरात असते. १०८ किलोमीटर तोडले तरी नोंद १०० ची होते. तेवढाच ब्रेक दाबला तरी पुढच्या चाकाचा रस्त्यावरचा रोध सुमारे सात टक्क्यांनी उणावतो. गाडीचे तोंड अडीच सेंटिमीटर उचलले जाते आणि दिवा साधारण एक अंशाने वर बघू लागतो. दिवा पुन्हा जुळवून घेतला नाही, तर ५० मीटरवर तो झोत जवळपास ९० सेंटिमीटर उंच पडतो, म्हणजे यवतमाळहून रात्री परतणाऱ्या समोरच्या माणसाच्या डोळ्यांत.

हे गणित आम्ही एका मिस्त्रींना कागदावर मांडून दाखवले. त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. तारा ओढून एका चाकाचा आउट काढता काढता ते म्हणाले, “चाक मोठं केलं का गाडीचा अंदाज जाते, सर.” आमच्या दोन पानांचे सार त्या एका वाक्यात होते.

अंदाज जातो म्हणजे काय, हे आमच्या एका माजी विद्यार्थ्याने सोसले आहे. वळणावर गाडी त्याला वाटले तिथे वळली नाही. पाय मोडला, तो जुळला. पण विमा कंपनीने बदललेल्या चाकांवर बोट ठेवून दावा परत केला, आणि वडिलांनी त्या वर्षीचा उरलेला कापूस दवाखान्यासाठी विकला. कायदाही त्याच्या बाजूचा नव्हता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलाला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. हे त्याला दुकानात कुणी सांगितले नव्हते.

आम्ही पाठभेद शिकवणारी माणसे, म्हणून या प्रकरणाकडे आमच्या सवयीने पाहतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अनेक प्रती समोर ठेवून. आपली ओवी त्यात घुसवणाऱ्याला त्यांनी दिलेला इशारा आपण दरवर्षी वर्गात सांगतो. तरीही एकनाथपूर्व पाठ कसा होता हा शोध संपला नाही, आणि राजवाड्यांनी १९०९ साली आपल्याला जुनी वाटलेली प्रत छापली. बदल करणारा नाथांच्या योग्यतेचा असला तरी मूळ पाहण्याची गरज उरतेच. मग कळंबच्या चौकातल्या बदलाला तर ती अधिक आहे. एक शब्द बदलला की छंद हलतो, अन्वय हलतो. चाक बदलले की ब्रेक, दिवा आणि काटा हलतो. अंगभूत काय आणि अलंकार काय, हे ओळखल्यावाचून संपादन करू नये.

आम्ही दोघे सुट्ट्यांत एकाच मोटरसायकलवर रिद्धपूर, पैठण, अंबेजोगाई असे हिंडतो. आमच्या गाडीलाही कॅरिअर आहे, पिशव्या आहेत, पाठीला टेकण आहे. चाके मात्र कारखान्यातून आली तीच आहेत. विद्यार्थी याला प्राध्यापकी भित्रेपणा म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे आम्ही हसून ऐकतो. त्यांना आम्ही ‘बदलू नका’ असे सांगत नाही, कारण ते ऐकणार नाहीत. दोनच प्रश्न विचारतो. काटा साठ दाखवतो तेव्हा तू खरोखर किती वेगात असतोस? आणि जुनी चाके कुठे ठेवलीस? पहिल्याला उत्तर क्वचितच मिळते. दुसऱ्याला बहुधा ‘भंगारात दिली’ असे मिळते, आणि आमची खरी काळजी तिथून सुरू होते.