पाण्याच्या दिवशीचं धुणं

आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी रात्री दोनला तर कधी पहाटे पाचला. पाणी आलं की गल्लीत आधी मोटारी सुरू होतात आणि मागोमाग वॉशिंग मशीन. कोणाच्या घरात आता काय चाललंय ते मला अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून कळतं. समोरच्या अक्कांच्या ड्रायरला सुरुवातीला दोन गचके बसतात आणि मग तो सूर धरतो. वरच्या काकांच्या मशीनचा टायमर संपताना टिंग करून वाजतो. खालच्या वहिनींचं मशीन रात्रपाळीवरून त्या घरी आल्याशिवाय सुरू होत नाही.

मी मूळची राजापूरकडची. १९९८ साली लग्न होऊन सोलापुरात आले. माहेरी जांभ्यातली विहीर, तिचं पाणी इतकं हलकं की साबण नुसता फिरवला तरी फेस, आणि तो फेस निघता निघत नाही. तीन पाण्यांतून काढलं तरी कापड बुळबुळीत लागायचं. पावसाळ्यात वाळवण्याची पंचाईत. चुलीवरच्या वळणीवर टाकलेल्या कपड्यांना धुराचा वास यायचा, तोच वास घेऊन आम्ही शाळेत जायचो. सोलापुरात सगळंच उलटं. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर शेवटच्या कपड्याला चिमटा लावून वळावं तर पहिला कडकडीत वाळलेला. फेस मात्र येता येत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच जानेवारीत सासूबाईंनी माझ्या हातात बाराबंदी ठेवली. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणारे भक्त हा पांढरा अंगरखा घालतात. बंदांनी बांधायचा, बटण नाही. संक्रांतीच्या त्या दिवसांत रस्ते नुसते पांढरेशुभ्र दिसतात. आमच्या घरात सासरे, दीर आणि हे, तिघांच्या बाराबंद्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बाकी कशालाही डाग चालेल, याला नाही."

आणि नेमक्या त्याच माझ्या हातून राखाडी होत गेल्या. डाग नव्हता, पण पांढरेपण हरवत चाललं होतं. कापड ताठ लागायचं, बंदांच्या गाठी करकरायच्या. मी पावडर वाढवली. फरक पडेना, म्हणून आणखी वाढवली. नीळ जास्त घातली, तर राखाडीवर निळसर झाक आली. नीळ मळ काढत नाही, पिवळेपणा झाकते, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं? तिसऱ्या वर्षी तर बाराबंदी दोरीवर घालायचीच लाज वाटायला लागली. मी ती जिन्याच्या आतल्या बाजूला वाळवू लागले.

वरच्या काकांनी ती तिथे पाहिली. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचा लेंगा-सदरा नेहमी असा, की शेजारी उभं राहिलं की आपला कपडा मळका दिसावा. "सूनबाई, पावडर वाढवून काय होणार? आधी पाणी तरी बघा," असं म्हणून त्यांनी औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या आणल्या. एकीत बोअरचं पाणी भरलं, दुसरीत नळाचं, म्हणजे उजनी धरणाचं. अंगाच्या साबणाची वडी सुरीने खरवडून चिमूट चिमूट चुरा दोन्हीत टाकला, झाकणं लावली आणि माझ्याकडे दिल्या. मी हलवल्या. नळाच्या पाण्यात बोटभर फेस आला. बोअरच्या बाटलीत फेसाच्या नावाने एक पापुद्रा, आणि खाली पाणी दुधासारखं पांढरट होऊन त्यात फाटलेल्या दह्यासारखे कण तरंगायला लागले. "हे कण आहेत ना," काका बाटली उजेडात धरून म्हणाले, "हेच बाराबंदीत जाऊन बसलेत."

बोअरच्या पाण्यातला चुना साबण खातो आणि त्याचा न विरघळणारा गाळ करतो. पावडरचं तसं दही होत नाही, पण तिचाही जोर चुन्याशी झुंजण्यातच जातो, आणि खळखळून काढताना तेच जड पाणी वापरलं की धाग्यात पुन्हा चुना उरतो. मी इतकी वर्षं नळाचं पाणी पिण्यासाठी जपत होते आणि धुणं सगळं बोअरवर करत होते.

त्या वर्षीपासून आमच्या घरचा क्रम बदलला तो आजतागायत. पांढरं धुणं फक्त पाण्याच्या दिवशी. बोअर वापरावंच लागलं तर आदल्या रात्री टबात भरून त्यात धुण्याचा सोडा कालवून ठेवायचा. सकाळी तळाशी पांढरा थर बसलेला असतो, तो न ढवळता वरचं पाणी मग्याने काढून घ्यायचं. सोडा किती, याचं काकांचं माप वहीत आहे. त्या वहीत त्यांनी बादली लावून मशीनसुद्धा मोजलं होतं. त्यांच्या मशीनच्या टबात वरच्या खुणेपर्यंत अडीच बादल्या, बादली १८ लिटरची, म्हणजे ४५ लिटर. तेच साबणाचं पाणी तीनदा चालवायचं: आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. खळखळल्याचं पहिलं पाणी पुढच्या घाण्याला, दुसरं फरशीला. पाणी रोज येत नाही त्या गावात सेमी ऑटोमॅटिक का टिकून आहे ते या वहीत कळतं. त्यात पाणी कुठलं घालायचं, कधी सोडायचं, हे आपल्या हातात असतं.

धुण्याच्या या गप्पा खऱ्या रंगायच्या त्या संध्याकाळी गच्चीवर, वाळलेलं काढताना. अक्का पद्मशाली. घरात दोन पिढ्या माग. चादरी आणि टॉवेल त्यांच्या डोळ्यांदेखत विणले गेलेत. त्यांनी मला टॉवेल पिळताना पाहिलं आणि हातातून काढूनच घेतला. "असं पिळायलीस का गं? ह्याला जीव आहे." मग तो पालथा करून त्याच्यावरचे फेरे मला दाखवले. टॉवेलवर दोऱ्याचे बारीक फेरे उभे असतात, पाणी तेच शोषतात. पिळलं की ते आडवे पडतात. वासाचं, मऊपणाचं औषध घातलं की त्यांच्यावर तेलकट लेप बसतो. टॉवेल हाताला गोड लागतो आणि अंग काही पुसत नाही. एखादा फेरा ओढला गेला तर तोडायचा नाही, ओढायचा तर नाहीच, कात्रीने मुळाशी कापायचा. वाळत घालण्याआधी दोन टोकं धरून जोरात झटकायचा. अक्कांनी झटकला तेव्हा फटाका वाजल्यासारखा आवाज झाला आणि फेरे खरंच उभे राहिले. मी बोट फिरवून पाहिलं.

नव्या चादरीला त्या पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवतात. मिठाने रंग धरतो असं सगळेच म्हणतात. माझा अनुभव असा, की मिठापेक्षा पहिली तीन धुणी एकटी धुणंच कामाला येतं. ड्रायरमध्ये चादर एकटी कधी घालू नये, हे मात्र त्यांचं शंभर टक्के खरं. ओली चादर एका बाजूला गोळा होते आणि मशीन मोरीभर नाचतं. ती गोल चुंबळ करून बसवायची, समोरच्या पोकळीत दोन टॉवेल भरायचे, वरून जाळीची चकती दाबायची.

२०१९ साली मुलाने हौसेनं फ्रंट लोड आणलं. पाणी कमी घेतं, पाणी तापवतं, आणि चादर अशी काढून देतं की दोरीवर टपकतसुद्धा नाही. पण त्यालाही इथलं पाणी चुकलं नाही. सहा महिन्यांत पाणी आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी चुन्याने बुजली. दुरुस्तीला आलेल्या माणसाने भागच बदलायला सांगितला. काकांनी जाळी पकडीने ओढून काढली, लिंबूफुलाच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, आणि ती नव्यासारखी झाली. तेव्हापासून दोन महिन्यांनी एकदा ड्रममध्ये कपडे न घालता लिंबूफूल टाकून गरम पाण्याचा फेरा देते. पंधरा मिनिटांचा झटपट फेरा मी घामाच्या कपड्यांना कधीच लावत नाही. तो एकदाच घातलेल्या साडीपुरता. दार उघडं ठेवते, रबराच्या कडेची घडी कोरड्या फडक्याने पुसते.

त्याच मशीनच्या पहिल्या यात्रेत तैलाभिषेकाच्या दिवशी रात्री मुलगा घरी आला तो बाराबंदीच्या बाहीवर तेल-हळदीचा तळव्याएवढा डाग घेऊन. दुसऱ्या दिवशी यात्रेतला अक्षता सोहळा. मी घाईने साबण लावला आणि डाग भडक लाल झाला. रक्त सांडल्यासारखा. मला रडूच फुटलं. वहिनी रुग्णालयात परिचारिका आहेत, त्या नुकत्याच आल्या होत्या. "ताई, हळद साबणाला लाल होते, रंग काही वाढला नाही," म्हणाल्या आणि वाटीत लिंबू पिळून त्यावर टाकलं. लाल डाग डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा झाला. "आता फक्त तेलाकडे बघा." भांड्यांचा साबण बोटाने तेलावर चोळला, कोमट पाण्यात पावडर घालून तासभर भिजवला, मग चाळीस अंशांचा फेरा लावला. रक्त असतं तर गार पाणीच, असंही त्यांनी सांगून ठेवलं. गरम पाण्याने रक्त गोठून धाग्याला धरतं. पहाटे बाराबंदी काढली तेव्हा तेल गेलं होतं, पिवळी सावली उरली होती. मुलगा तशीच घालून गेला. यात्रा झाल्यावर मी ती ओली करून तीन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली, डागाची बाजू वर. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का, वहिनी आणि मी, तिघींनी ती बाही उजेडात धरून पाहिली. डाग कुठे होता ते कोणालाच सांगता येईना.

काका गेल्या वर्षी गेले. वही काकूंनी मला दिली.

मुलगा आता पुण्यात असतो. त्यांच्या इमारतीला उन्हाळ्यात टँकर येतात. परवा त्याचा फोन आला, "आई, शर्ट ताठ लागतात गं, पावडर दुप्पट घालतोय तरी." मी म्हटलं, "पावडर राहू दे. घरात दोन रिकाम्या बाटल्या आहेत का, बघ."